ताटे, नळ, कचरागाडी: घरच्या कामांतून लहान मुलांचे शिकणे

‘हा रंग कोणता?’ असे आपण तीन वर्षांच्या मुलाला विचारतो तेव्हा उत्तर आपल्याला ठाऊक असते, आणि ते आपल्याला ठाऊक आहे हे मुलालाही कळत असते. ‘आज जेवायला किती जण आहेत, किती ताटे काढू?’ या प्रश्नाची जात निराळी आहे, कारण त्याच्या उत्तरावाचून पुढचे काम अडलेले असते. रोजच्या व्यवहारातून मुलांना शिकू द्यायचे असेल तर पहिल्या जातीचे प्रश्न कमी करावेत, दुसऱ्या जातीचे वाढवावेत आणि मुलाला कामाचा खरा वाटा द्यावा. इंदूरच्या मराठी घरांना याची गरज आणखी एका कारणाने आहे. मुलाची शाळा बहुधा इंग्रजीत असते, रस्ता आणि खेळाचे मैदान हिंदीत असते, आणि मराठी उरते ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि जेवणाच्या पानावर. त्या वेळा मुकाट्याने उरकल्या गेल्या की मुलाच्या कानावर पडणारी मराठीही तेवढीच कमी होते.

हा विचार नवा नाही. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गावात आणणे शक्य नव्हते. त्यांनी बिया, पाने, खडे, शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच शिक्षण उभे केले. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ, प्रत्यक्ष अनुभव आणि घरची भाषा यांवरच भर दिला आहे. असे असताना अडीच वर्षांच्या मुलासाठी अक्षरांच्या रंगीत पत्त्यांचे संच आणि सरावपुस्तिका विकत आणण्याची जी चढाओढ मध्यमवर्गीय घरांत दिसते, ती मला अनाठायी वाटते.

कामाची निवड

एका वेळी एकच काम निवडावे आणि निदान दोन-तीन आठवडे ते बदलू नये, कारण लहान मूल पुनरावृत्तीतून शिकते आणि रोज नवा उपक्रम काढणारा पालक आठवड्याभरात थकतो. शाळेची व्हॅन दारात उभी असताना बुटाचे बंद बांधायला शिकवण्याचा हट्ट धरू नये. तेच काम रविवारी सकाळी, कोणालाही कुठे जायचे नसताना सुरू करावे. निवडलेल्या कामाचे लहान तुकडे पाडावेत आणि जो तुकडा मुलाच्या हाताला झेपतो पण घरालाही खरोखर हवा असतो, तो त्याच्याकडे सोपवावा. मटार सोलायचे असतील तर तीन वर्षांच्या मुलाने आईने उकललेल्या शेंगेतून दाणे काढावेत, पाच वर्षांच्या मुलाने शेंगही स्वतः उकलावी.

दोन पथ्ये पाळावी लागतात. मुलाने केलेले काम त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा करू नये; त्याने वाकडी घातलेली टॉवेलची घडी आपण उकलून सरळ केली की त्याचा वाटा नावापुरता होता हे त्याला कळते. दुसरे असे की प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजेस्तोवर गप्प राहावे. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण बहुधा दुसऱ्याच क्षणी उत्तर सांगून मोकळे होतो. आजी-आजोबांना हे आधी समजावून सांगितलेले बरे, कारण नातवंडाची अडचण पाहून त्यांना राहवत नाही.

ताटे आणि वाट्या

ताटे मांडणे हे या वयासाठी सर्वांत भरघोस काम आहे. तीन वर्षांच्या मुलाला संख्या येण्याची गरज नाही. ‘हे बाबांचे, हे आजीचे, हे माझे’ असे म्हणत प्रत्येक आसनापुढे एक ताट ठेवणे म्हणजेच एकास एक जोडी लावणे होय, आणि मोजण्याचा पाया तोच आहे. पाहुण्यांसमोर वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणणारे मूल मोजू शकतेच असे नाही. हे पाहण्याचा सोपा मार्ग असा: मुलाने एकेका वाटीला बोट लावत पाचपर्यंत मोजले की लगेच विचारावे, ‘मग डाळीसाठी किती वाट्या झाल्या?’ ते ‘पाच’ म्हणाले तर शेवटचा आकडा हाच एकूण आकडा असतो हे त्याला उमगलेले आहे; ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले तर अजून उमगायचे आहे, आणि त्यासाठी रोजच्या वाट्यांखेरीज दुसरा कोणताही उपाय करावा लागत नाही.

मोजण्यात चूक झाली तर ती सांगू नये. जेवणारे पाच आणि ताटे चार असली की एक जण ताटाविना बसतो, आणि चूक मुलाला आपसूक दिसते. साधनानेच चूक दाखवावी, शिक्षकाने नव्हे, हे मारिया माँटेसरी यांचे तत्त्व घरात पाळायला याहून सोयीची जागा नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी काम थोडे अवघड करावे: ‘आजोबा भजनाला गेले आहेत, आत्या आणि तिची दोन मुले येणार आहेत, आता किती?’ त्याने बोटे वापरली तर वापरू द्यावीत.

ओळीत ठेवलेले चमचे लांब-लांब पसरून ‘आता जास्त झाले का?’ असे विचारल्यास चार-पाच वर्षांची बहुतेक मुले होय म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे तपशीलवार मांडून दाखवले आहे. अशा वेळी मुलाशी वाद घालून त्याला पटवण्यात अर्थ नसतो.

पान वाढण्याची आपली रीत डावे-उजवे शिकवायला फार उपयोगी आहे. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात, हा क्रम एरवी सणालाच आठवतो. तो आठवड्यातून एकदा तरी नीट पाळावा आणि चटणी-कोशिंबीर वाढण्याचे काम मुलाकडे द्यावे. सुरुवातीला मूल जेवणाऱ्याच्या शेजारी बसून वाढू दे. समोर उभे राहून वाढताना जेवणाऱ्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, आणि हा पेच सहा वर्षांच्या मुलालाही काही दिवस पुरतो.

ओट्याजवळ

कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम मुलाला द्यावे, पण नुसते तोंडी नव्हे. मुलाने गॅसपासून दूर जेवणाच्या टेबलाशी बसावे, दर शिट्टीला एक चमचा समोर ठेवावा आणि ठरलेले चमचे झाले की आईला किंवा बाबांना हाक मारावी. ऐकलेल्या गोष्टीची नोंद वस्तूने ठेवता येते, ही समज पुढे लिहिण्याच्या कामी येते.

पोहे हा इंदुरात सकाळचा नेम असल्यामुळे मापासाठी तेच घ्यावेत. माणशी एक मूठ असे ठरवून मुलाला त्याच्या मुठीने पोहे काढू द्यावेत आणि नंतर बाबांना त्यांच्या मुठीने. दोन ढीग शेजारी ठेवल्यावर ‘कोणाची मूठ धरायची?’ हा वाद मुले स्वतः काढतात, आणि मग वाटीचे माप का लागते हे वेगळे सांगावे लागत नाही. भाताला एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी असे प्रमाण घरात चालत असेल तर दोन वाट्या तांदळाला किती पाणी, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाने वाट्या ओळीत मांडून सांगावे. पोहे चाळणीत भिजवताना कोरडे आणि ओले पोहे दोन्ही त्याच्या बोटांना लागू द्यावेत; कडक, मऊ, चिकट, मोकळे, भरड, गुळगुळीत हे शब्द वस्तू हातात असतानाच पक्के होतात.

विरजण आणि मोड ही दोन कामे दिवस ओलांडणारी असल्यामुळे मुलांना वाट पाहायला शिकवतात. रात्री कोमट दुधात मुलाच्या हातून चमचाभर दही घालून घ्यावे आणि सकाळी उठल्याबरोबर भांडे न हलवता बघायला सांगावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत एक वाटी तशीच आणि एक वाटी जाड कापडात गुंडाळून उबेला ठेवली तर सकाळी फरक दिसतो. दह्यातले सूक्ष्म जीव उबेत लवकर वाढतात एवढे कारण सांगावे. पण आधी ‘असे का झाले असेल?’ हे मुलाला विचारावे आणि त्याचे उत्तर चुकीचे असले तरी पुरते ऐकून घ्यावे. मूग रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधले की पुढे दर सकाळी एक दाणा काढून वहीत त्याचे चित्र काढण्याचा परिपाठ ठेवता येतो.

ओट्याजवळची सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. पेटता गॅस, कुकर, सुरी, विळी आणि उकळते तेल यांपासून मुलाला हातभर नव्हे तर खोलीभर दूर ठेवावे आणि त्याची कामाची जागा जमिनीवर किंवा वेगळ्या टेबलावर ठरवून द्यावी. शेंगदाणे, अख्खे हरभरे, कोरडे वाटाणे आणि मणी चार वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात, म्हणून धान्य निवडण्याचे काम त्या वयात एकट्याने करू देऊ नये. आजोबांच्या गोळ्यांची डबी मोजण्यासाठी कितीही सोयीची दिसली तरी ती मुलाच्या हाती देऊ नये.

नळाचा दिवस

इंदूरच्या ज्या वस्त्यांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते तिथे मुलाला कालगणना शिकवण्याची आयती सोय आहे. काल, आज, उद्या आणि परवा हे शब्द लहान मुलांना बराच काळ गोंधळात टाकतात, कारण त्यांचा अर्थ रोज सरकतो. दिनदर्शिकेवर नळाच्या दिवशी मुलाने निळा ठिपका द्यावा. ‘काल ठिपका होता, आज नाही, मग उद्या?’ असे विचारल्यावर त्याला दिवसाचे नाव येत नसले तरी उत्तर देता येते. एकाआड एक येणारी ही आकृतिबंधाची समज गणितात महत्त्वाची मानली जाते. दुधाच्या हिशेबाचेही तसेच. दूधवाल्याने एक लिटर दिले की एक रेघ, जास्तीचे घेतले की दोन, आणि महिनाअखेर रेघा मोजून पैसे द्यायचे, हा व्यवहार मोबाइलवर नेण्याऐवजी भिंतीवर ठेवला तर मुलाला तो दिसतो.

हे पाणी येते कुठून, हा प्रश्न मूल कधी ना कधी विचारतेच. मंडलेश्वरजवळच्या जळूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, डोंगर चढवून पंपांनी ते इंदुरात आणले जाते आणि ही योजना १९७८ पासून चालू आहे, हे मोठ्यांसाठी. मुलाला मात्र महेश्वरच्या घाटावर पाहिलेली नदी आणि घरची टाकी यांची जोडी लावून द्यावी, नळ, टाकी, पाइप, पंप, नदी अशी साखळी उलट्या क्रमाने चित्रात काढू द्यावी. अंघोळीच्या वेळी तांब्याने बादली भरायला किती तांबे लागतात, कोणती वस्तू तरंगते आणि कोणती बुडते, हे खेळ मुले आपण न सांगताही खेळतात. बादलीभर पाण्याजवळही लहान मुलाला क्षणभर एकटे सोडू नये.

कचरागाडी

वर्गीकरणाचा रोजचा पाठ इंदुरात दारापर्यंत चालत येतो. महानगरपालिकेची गाडी घरचा कचरा ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी (डायपर, पॅड यांसारखा), घरगुती घातक आणि ई-कचरा अशा सहा प्रकारांत वेगळा घेते. मुलाने फक्त ओला, सुका आणि प्लास्टिक यांनाच हात लावावा, बाकीचे तीन प्रकार त्याने दुरून ओळखावेत, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. केळ्याची साल आणि वर्तमानपत्र यांत विचार करण्यासारखे काही नाही. खरी मजा आंब्याची कोय, नारळाची करवंटी, धुतलेली दुधाची पिशवी आणि चहाचा चोथा भरलेला कागद अशा वस्तूंशी येते, कारण तिथे ‘कशावरून ठरवायचे?’ हा प्रश्न उभा राहतो: ओलसरपणावरून, कुजण्यावरून की वस्तू कशाची बनली आहे त्यावरून? मुलाने आपला निकष सांगावा आणि शंका असेल तर गाडीवरच्या दादांना स्वतः विचारावे.

ओला कचरा पुढे जातो त्याची गोष्टही सांगण्याजोगी आहे. देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याची क्षमता आहे आणि त्या गॅसवर शहरात बस चालवल्या जातात. बटाट्याच्या सालीपासून सिटी बसपर्यंतचा हा प्रवास चार टप्प्यांत सांगायला पाच वर्षांच्या मुलाला सांगावे. कार्यकारणाचा क्रम लावून बोलण्याचा याहून चांगला विषय सहसा सापडत नाही.

भाजी, किराणा आणि दोन भाषा

भाजीच्या गाड्यावर इंदूरच्या मराठी मुलाला जी संधी मिळते ती पुण्याच्या मुलाला मिळत नाही. घरात आजी घोसाळी म्हणते आणि भाजीवाला गिलकी म्हणतो, घरातले दोडके तिथे तुरई होते, दुधीची लौकी आणि लाल भोपळ्याचे कद्दू. मुलाला दुभाष्याचे काम द्यावे: आजीने मराठीत सांगायचे, मुलाने भाजीवाल्याला हिंदीत सांगायचे आणि त्याचा भाव आजीला मराठीत परत सांगायचा. ‘धनिया आण’ असे मूल घरात म्हणाले तर त्याला टोकू नये. ‘हो, कोथिंबीर आणू, पाव किलो की एक जुडी?’ असे उत्तर आपण मराठीत द्यावे. दोन भाषांतले शब्द मिसळणे हा या वयातला गोंधळ नसून दोन्ही भाषा वाढत असल्याचे लक्षण आहे, आणि टोकल्याने मूल घरात गप्प बसू लागण्याचा धोका मात्र खरा आहे.

पाव किलो कोथिंबीर आणि पाव किलो बटाटे एकाच वेळी मुलाच्या दोन हातांत द्यावेत. आकार मोठा म्हणजे वजन जास्त, ही समजूत त्याच्या तळहातावरच मोडते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या बोलण्यात सहज असतात. ते टाळून सगळे ग्रॅममध्ये बोलण्याची गरज नाही. पोळीचे चार तुकडे करताना, पंचा घडी घालताना, संत्रे वाटताना तेच शब्द पुन्हा वापरावेत.

किराण्याची यादी मुलाने चित्रांत काढावी आणि दुकानात ती त्यानेच वाचून दाखवावी. दुकानांच्या पाट्या हिंदीत असल्या तरी लिपी देवनागरीच आहे, म्हणून त्या वाचण्याचा सराव मराठीलाही उपयोगी पडतो. एक अक्षर मात्र घरानेच शिकवावे लागते, ते म्हणजे ‘ळ’. हिंदीच्या वर्गात ते भेटत नाही, आणि बाळ, केळे, डाळ, पोळी, सकाळ या रोजच्या शब्दांत मुले त्याचा ‘ल’ करतात. उच्चार दुरुस्त करण्यापेक्षा आपण तो शब्द वाक्यात पुन्हा स्पष्ट म्हणावा.

आकड्यांची नावे

मराठी आकड्यांची नावे लहान मुलांना जड जातात हे मान्य करायला हवे. एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडते आणि लिहिताना दोनावर नऊ येतात. शाळेतला इंग्रजी क्रम सरळ असतो. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी सोपी वाचनपद्धत दिली गेली तेव्हा तिच्यावर बराच वाद झाला होता. घरात हा वाद मिटवण्याची गरज नाही. दहा-दहाच्या जुड्या बांधून दाखवाव्यात, म्हणजे नाव कोणत्याही पद्धतीने घेतले तरी संख्या दिसते. गणपतीसाठी २१ दूर्वांची जुडी करताना आधी दहा, मग दहा आणि मग एक अशी मांडणी मुलाकडून करून घ्यावी. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना पाच वर्षांच्या मुलाने फक्त ठिपक्यांच्या ओळी घालाव्यात, रेघा मोठ्यांनी जोडाव्यात.

सावली आणि रात्रीची उजळणी

गच्ची किंवा अंगण असेल तर मुलाची सावली वर्षातून दोनदा खडूने आखावी. कर्कवृत्त इंदूरच्या थोडेच उत्तरेला असल्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस-ढगांनी साथ दिली तर, मध्यान्हीची सावली जवळजवळ पायांखाली जाते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली साधारण मुलाच्या उंचीएवढी होते. ही मध्यान्ह घड्याळात बाराला नव्हे तर साडेबाराच्या आसपास येते, कारण भारतीय प्रमाणवेळ इंदूरच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर ठरलेली आहे. दोन्ही वेळी मुलाची उंची दाराच्या चौकटीवर नोंदवून ठेवावी म्हणजे तुलना करता येते.

रात्री अंथरुणावर दिवसाची उजळणी करावी, पण ‘आज शाळेत काय झाले?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. त्याचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ असे येते. आधी आपण आपल्या दिवसातली एक गोष्ट क्रमाने सांगावी, आधी काय, मग काय आणि शेवटी काय, आणि मग मुलाची पाळी द्यावी. गोष्ट सांगताना मुलाने मध्येच तपशील बदलला तर बदलू द्यावा. जेवताना आणि या वेळी मोबाइल दूर ठेवावा. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे.

एखाद्या दिवशी मूल काम करायला नकार देते. तेव्हा आग्रह न करता ते काम आपण त्याच्यासमोर, मोठ्याने बोलत करावे आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारावे. नकार टिकला तर बहुधा काम फार सोपे झालेले असते: ताटे मांडणारे मूल आता पाणी वाढायला तयार असते, आणि तेव्हा त्याच्या हाती छोटा तांब्या द्यावा, शेजारी पुसायला फडके ठेवावे.